आई एकदाच फोटोला बसणार होती

मी स्वभावानं जळकी. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं वाचताना कुणी मला साळसूद समजायला नको. माझ्या पाठची बहीण माझ्याहून तीन वर्षांनी लहान. ती गोरी, मी सावळी. ती हसली की गालाला खळी पडायची. मी हसले की वडील विचारायचे, काय गं, काय झालं? आईची नथ कुणाला द्यायची हा विषय निघाला तेव्हा आई सहज म्हणून गेली, धाकटीच्या नाकाला शोभते. मग माझं नाक काय नुसतं शिंकायला दिलं होतं देवानं? ती नथ वर्षानुवर्षं माझ्या डोळ्यांत खुपत राहिली.

आम्ही दोघीही सोलापुरातच दिल्या गेलो. माझे यजमान हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. धाकटीचे गिरणीच्या ऑफिसात वरच्या जागेवर होते, डोक्यावर विजेचा पंखा फिरायचा त्यांच्या. वडील कोर्टातली कारकुनी संपवून घरी बसले होते. आई दुधनीकडची, म्हणून तिच्या मराठीत मधूनच कानडी शब्द यायचा. आम्ही पोरी भांडायला लागलो की ती एवढंच म्हणायची, “साकु.” म्हणजे पुरे. तेवढ्यानं आम्ही गप्प बसायचो.

इंग्रजांनी सोलापुरावर लादलेला मार्शल लॉ उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. एका रविवारी धाकटी टांग्यातून आईकडे उतरली ती नवऱ्यासकट आणि नवऱ्याच्या गळ्यात चामड्याचं पाकीट. पाकिटातून निघाला जर्मन कॅमेरा. बघायला पोथीएवढा चपटा. बाजूची कळ दाबली की पुढचं झाकण खाली पडायचं आणि आतून छोटा भाता बाहेर यायचा, त्याच्या टोकाला काचेचा डोळा. झाकण पडताना असा काही सुरेख खट्ट आवाज व्हायचा की त्या आवाजानंच माझं डोकं उठलं. वडिलांनी तो चार वेळा उघडून मिटून पाहिला. आई म्हणाली, लई नाजूक हाय की. धाकटी खळी पाडून उभी. मी स्वयंपाकघरात जाऊन भाकरी अशा काही थापल्या की शेजारीण भिंतीपलीकडून विचारती झाली, आज काय गं सण आहे का?

घरी आल्यावर मी यांच्यामागं टुमणं लावलं. आपल्याकडेही कॅमेरा हवा. यांना काय, आंधळा मागतो एक डोळा. शाळेत यांच्यासारखे आणखी दोन मास्तर होते, मधल्या सुट्टीत चहापेक्षा कॅमेऱ्यावर त्यांचं जास्त चालायचं. एकाचा पक्ष जर्मन कंपनीचा, दुसऱ्याचा विलायती पेटीवाल्या कंपनीचा, आणि आमचे हे दोन्हीकडचं ऐकून घेऊन घरी येणारे. नव्या पेठेत घड्याळं-चष्म्यांचं एक दुकान होतं, तिथं दोन्ही कंपन्यांचा माल मिळायचा. तिथून यांनी दोन्हींची माहितीपत्रकं आणली आणि वहीत पान आखून एका बाजूला जर्मन, दुसऱ्या बाजूला पेटी असं लिहीत बसले. भिंग कुणाचं चांगलं, उन्हात कसं, सावलीत कसं, बिघडला तर सोलापुरात दुरुस्त कोण करील. महिना गेला. माणसानं बायको करताना एवढा विचार केला नसेल.

यांचं मन जर्मनवर बसत चाललं होतं. भिंग उजवं, म्हणायचे. मी म्हटलं, छे. तोच कॅमेरा घेतला तर धाकटी काय म्हणेल? आक्कानं नक्कल केली म्हणेल. मग पेटी, असं हे म्हणाले, पण पेटी इंग्रजांची. त्या दिवसांत सोलापुरात डोक्यावर खादीची टोपी घालून इंग्रजी माल बगलेत मारून जायचं म्हणजे काम कठीण. शेवटी दुकानदारानंच वाट काढली. म्हणाला, मास्तर, ही कंपनी मुळात अमेरिकेची, इंग्रजांचा काय संबंध? हे खरं की खोटं ते यांनीही विचारलं नाही आणि मीही नाही. काळी पेटी घरी आली. तिला भाता नाही, कळ दाबून झाकण नाही, खट्ट नाही. लाडू ठेवायच्या डब्यासारखा ऐवज. पण आमची होती. आणि जर्मन नव्हती, हे माझ्या लेखी महत्त्वाचं.

खरं सांगायचं तर पेटी चांगली होती. हे न्हाणीघरात खिडकीला घोंगडी लावायचे, कंदिलाला लाल कागद गुंडाळायचे आणि त्या उजेडात स्वतः फिल्म धुवायचे. धाकटीकडचं काम सगळं मुंबईला पाठवून. मी येताजाता सगळ्यांना सांगायची, आमचं घरचं आहे हो, बाहेरचं नाही. जणू लोणचंच.

त्या वर्षी मार्गशीर्षात वडिलांची साठीशांत यायची होती. आईवडिलांचा एकही फोटो नव्हता. वडिलांचा एक निदान कोर्टातल्या मंडळींबरोबरचा होता, आईचा अजिबात नाही. फोटो काढला की आयुष्य तुटतं अशी तिची पक्की समजूत, आणि तिच्या माहेरी तिच्या काकूचं तसं झालंही होतं म्हणे. आम्ही दोघी किती वर्षं मागं लागलो होतो. शेवटी शांतीच्या निमित्तानं ती कबूल झाली, पण अट घालून.

“एकदाच बसणार मी,” ती म्हणाली. “एका यंत्रापुढं. कुणाच्या, ते तुमी ठरवा. परत कुणी बस म्हणायचं न्हाय.”

आता कळलं ना, काय पणाला लागलं होतं ते? आईचा जन्मातला एक फोटो. तो एक तर माझ्या घरच्या पेटीतला होणार, नाही तर धाकटीच्या जर्मनमधला. नथ तिच्याकडे गेली होती. हा मी जाऊ देणार नव्हते.

वडील कोर्टात हयात घालवलेले, त्यांनी निवाडा करायचं ठरवलं. दोन्ही जावयांनी एकाच रविवारी, एकाच जागेवरून सिद्धेश्वराचं देऊळ तळ्यासकट काढायचं आणि फोटो आणून दाखवायचे. ज्याचा सरस, त्याच्यापुढं आई बसेल. कार्तिक होता, आभाळात कापसाचे ढग होते. आमच्या फोटोत घाटाची पायरी न् पायरी मोजून घ्यावी अशी आली, पण आभाळ पार कोरं, धुतलेल्या धोतरासारखं. मुंबईहून धाकटीचा आला. आभाळ काळंभोर, त्यावर पांढरेशुभ्र ढग, आणि खाली पाण्यात देऊळ. बघणाऱ्याच्या तोंडून आपोआप वाहवा निघावी असा. माझ्याही निघाली असती, मी ओठ मिटून धरले म्हणून.

आईनं दोन्ही फोटो खिडकीशी नेऊन पाहिले आणि धाकटीच्या फोटोवर बोट ठेवलं. “ह्यातलं देऊळ जितं वाटतंय की,” म्हणाली. वडिलांनी मान हलवली. झाला निवाडा.

मी त्या दिवशी घरी येऊन यांच्याशी उभा दावा मांडला. तुम्हीच जर्मन घ्यायला हवा होता, म्हटलं. नको कोण म्हणालं होतं, हे त्यांनी विचारलं नाही, भला माणूस. त्यांना भांडणापेक्षा ढगांचं पडलं होतं. ढग आले कसे, याचा शोध लागेपर्यंत त्यांना अन्न गोड लागेना. ते सरळ साडूंच्या घरी जाऊन विचारून आले. साडूंनी मोठ्या ऐटीत दाखवलं: फिल्म नव्या जातीची, आणि डोळ्यापुढं बसवायची एक लाल काच. ते म्हणे आता प्रत्येक फोटोला ती काच लावायचे, काच म्हणजे त्यांच्या गळ्यातला ताईत झाला होता.

शांतीच्या आदल्या संध्याकाळी हे दिवाणावर बसून मला समजावत होते. आपल्या फिल्मला लाल रंग दिसतच नाही, म्हणून तर आपण तिला लाल कंदिलात धुतो. आपल्यात लाल आहे ते काळं उमटतं. त्यांच्या फिल्मला लाल दिसतं, आणि वर ती काच लावली की निळं आभाळ काळं होतं आणि लाल असेल ते पांढरं पडतं. बोलता बोलता ते थांबले आणि माझ्या कपाळाकडे बघायला लागले.

“अगं, कुंकू जाईल,” ते म्हणाले. “आईंचं कुंकू फोटोत दिसणारच नाही. उद्या गेल्या गेल्या धाकटीला सांग, काच काढून फोटो घ्या म्हणावं. मी सांगितलं तर हरलेला माणूस खोड्या काढतोय असं साडूंना वाटेल.”

मी हो म्हटलं.

शांतीच्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. होम, ब्राह्मण, नातेवाईक. हे पंगतीचं बघण्यात गुंतलेले. धाकटी सकाळपासून आईच्या अंगाला अंग लावून होती. आईला हिरवं लुगडं नेसवलं तिनं, केस विंचरले तिनं, आणि स्वतःच्या नाकातली नथ काढून आईच्या नाकात घातली. आईची नथ आईला उसनी देत होती, आणि बायका म्हणत होत्या, किती गं गुणाची पोर. मी दाराशी हळदीचं तबक घेऊन उभी. माझ्या अंगाची अशी लाही झाली म्हणता! सांगायचं ते जिभेवर होतं. चार शब्दांचं काम, काच काढा, कुंकू जाईल. पण मी सांगितलं असतं तर काय झालं असतं? साडूंनी काच काढली असती, फोटो देखणा आला असता, आणि धाकटीच्या दिवाणखान्यात आई जन्मभर तिची होऊन बसली असती. नाही सांगितलं तर फोटो वाया जाणार. मग आई आपणहून म्हणेल, थोरलीच्या पेटीपुढं बसते. एकदाच म्हणाली होती खरी, पण असला फोटो बघितल्यावर कोण हट्ट धरील? असा माझा हिशेब.

धाकटीनं आईच्या कपाळावर आधी मेण लावलं आणि त्यावर कुंकू, अधेलीएवढं मोठं. आई आरशात बघून माझ्याकडे वळली.

“बघ गं,” म्हणाली, “गोल आलंय न्हवं?”

“छान आलंय,” मी म्हटलं.

अंगणात दोन पाट मांडले. वडील नवं उपरणं घेऊन ताठ बसले. आईनं डोळे मोठे केले, जणू कुणी दम भरला होता. साडूंनी तिपाईवर जर्मन ठेवला, कळ दाबली, खट्ट झालं. मग खिशातून लाल काच काढली, रुमालानं पुसली आणि बसवली. मी पुसताना बघितलं, बसवताना बघितलं. घरी येताना यांनी विचारलं, सांगितलंस ना? मी म्हटलं, सांगितलं.

फोटो मुंबईहून मोठा करून, चौकटीत बसवून आला तो संक्रांतीला. सिद्धेश्वराच्या जत्रेची, गड्ड्याची, गर्दी गावात, आणि आईकडे हळदीकुंकू. धाकटीला तो आधी उघडून बघता आला असता, पण तिला सगळ्या बायकांसमोर उघडायचा होता. सुतळी सोडली, कागद काढला. आधी सगळ्या एका सुरात अगंबाई म्हणाल्या, कारण आई इतकी सुंदर दिसत होती. सुरकुत्या गेलेल्या, चेहरा उजळलेला, नथ ठसठशीत. मग एकेक बाई गप्प होत गेली. कपाळ मोकळं होतं. नवरा शेजारी जिवंत बसलेला आणि हिचं कपाळ भुंडं. आणि आजूबाजूला पंधरा-वीस सवाष्णी हातात तिळगूळ आणि वाण घेऊन उभ्या. एक म्हातारी पुटपुटली, शिव शिव, आणि पदर सावरून निघून गेली. तिच्यामागून बाकीच्या.

धाकटी जी रडायला लागली ती थांबेना. नवऱ्याला नाही नाही ते बोलली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, आणि देवाशपथ सांगते, आतून मला गार वाटत होतं. आता आई म्हणेल, म्हणून मी वाट बघत होते. आईनं कोपऱ्यातला कुंकवाचा करंडा घेतला. उदबत्तीच्या काडीच्या टोकावर मेण घेतलं, चौकटीच्या काचेवर फोटोतल्या कपाळाच्या बरोबर वर टेकवलं, आणि त्यावर कुंकू. मग तसबीर स्वतःच्या हातानं खिळ्याला लावली.

“साकु,” म्हणाली. “झालं. आता फोटोचं नाव काढायचं न्हाय कुणी.”

मी पेटीचं नाव काढून पाहिलं तरी. आई माझ्याकडे नुसती बघत राहिली. त्यानंतर मी काढलं नाही.

तेव्हापासून आईचा नेम पडला. सकाळी अंघोळ झाली की आधी आपलं कुंकू, मग काडीच्या टोकानं तसबिरीतलं. बायका म्हणायच्या, अहो, फोटोला कुंकू मेलेल्या माणसाच्या लावतात, जित्या माणसाच्या काय? आई ऐकून घ्यायची आणि लावायची. धाकटीनं तो जर्मन कॅमेरा डोळ्यांपुढं नको म्हणून आमच्या यांना देऊन टाकला. ज्याच्यासाठी जळले तो आपल्या पायानं घरात आला, लाल काचेसकट. यांना केवढा आनंद! मला मात्र तो खट्ट आवाज झाला की उठून आत जावंसं वाटायचं. हे म्हणायचे, बस गं एकदा समोर, किती सुंदर भिंग आहे. मी कधी बसले नाही.

आणि यांनी मला त्या दिवसाबद्दल परत विचारलं होतं, सांगूनही त्यांनी काच का काढली नाही? मी म्हटलं, धाकटी कुणाचं ऐकते होय. तेही त्यांनी खरं मानलं.

पाच वर्षांनी वडील गेले. चार दिवसांचा ताप आणि आटोपलं. दहाव्या दिवशी बायकांनी आईचं जे करायचं ते केलं, ते मी इथं लिहीत नाही. दुपारी पांगापांग झाली. धाकटी मागं चहा टाकत होती. आई भिंतीला टेकून बसली होती, आणि वर तसबिरीत वडिलांच्या शेवटच्या सकाळी लावलेलं कुंकू तसंच होतं. कुणाचंही लक्ष गेलं नव्हतं. आईनं मला ती खाली काढायला सांगितली. मी काढून तिच्यापुढं धरली, तिनं हात लावला नाही.

“तूच पूस,” म्हणाली. “पहिल्यांदा बी तूच पुसलंस की.”

मी खाली बसले. आई हळू आवाजात बोलत होती, राग नव्हता त्यात, मला राग चालला असता. तिनं सांगितलं, थोरले जावईबापू, म्हणजे आमचे हे, त्याच संक्रांतीच्या आठवड्यात हळहळत म्हणाले होते, हिनं धाकटीला काच काढायला सांगितली होती, त्यांनी ऐकलं नाही. पण धाकटी त्या दिवशी उजाडल्यापासून आईच्या जवळून हलली नव्हती. तिला कोण काय बोललं, सगळं आईच्या कानावरून गेलं होतं. मी एकच वाक्य बोलले होते, छान आलंय.

पाच वर्षं तिला ठाऊक होतं. पाच वर्षं मी सणावाराला त्या घरी जेवले, तिनं माझ्या पानात वाढलं, माझ्यासमोर काडीनं ते कुंकू लावलं. धाकटीनं त्या फोटोपायी नवऱ्याला घालूनपाडून बोललेलं ऐकलं. आणि कुणाला म्हणून कळू दिलं नाही. आईचा जीव कुणावर जास्त, हे मी जन्मभर मोजत बसले होते.

मी पदरानं पुसायला लागले. कुंकू लगेच गेलं, मेण जाईना. रोज एकावर एक बसून घट्ट झालं होतं. नखानं खरवडावं लागलं. सगळं निघालं, काच लख्ख झाली, आत आईचं मोकळं कपाळ दिसायला लागलं, तरी मी खरवडत होते.

“साकु,” आई म्हणाली आणि तिनं माझं मनगट धरलं.

तेवढ्यात धाकटी चहा घेऊन आली. आमच्याकडे बघून दारातच थबकली आणि तिनं विचारलं, काय चाललंय?

“आक्का काच पुसतीय,” आई म्हणाली. “धूळ बसली होती.”

धाकटीनं पेले खाली ठेवले, माझ्या हातातून तसबीर घेतली, आपल्या पदरानं आणखी एकदा पुसली आणि खिळ्याला लावली.